वाडीच्या चुली

कस्तुरानं वाफ्याच्या कडेला उभं राहून कमरेवर हात ठेवले, उपटून टाकलेल्या कांद्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "सव्वीस गोन्या. एखादी इकडंतिकडं."

तिचा नवरा खंडू बांधावर बसून गोण्या शिवायची सुतळी सोडवत होता. त्यानं मान वर केली नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यानं बायकोच्या अंदाजाशी पैजा लावून पाहिल्या होत्या आणि दर वेळी तोंडघशी पडून तो नाद सोडला होता.

"तीस तरी म्हन की," तो उगाच म्हणाला.

"म्हनल्यानं कांदा वाढतो व्हय?"

पात कापत बसलेल्या बाया हसल्या. माघातलं ऊन अजून कोवळं होतं, पण कांद्याच्या वासानं डोळ्यांना धार लागली होती. वावराच्या एका अंगाला गोदामाची पत्र्याची भिंत, दुसऱ्या अंगाला कंपनीच्या बसगाड्या उभ्या करायचं मैदान, आणि मधे खंडूचं हे एवढंच शेत उरलेलं. निघोज्याच्या अलीकडच्या या वाडीत आता शेतांपेक्षा खोल्या जास्त होत्या. ज्याच्या त्याच्या वावरात पत्र्याची चाळ. खंडूचीही रस्त्याकडेला होती. त्या खोल्यांतून नांदेड, हिंगोली, लातूरकडची माणसं राहत. कुणी प्रेस शॉपमध्ये, कुणी वेल्डिंगला, कुणी पॅकिंगला. त्यांची नावं वेगवेगळी असली तरी वाडीत त्यांना एकच नाव होतं, खोलीवाले.

कस्तुराच्या वावरात विळा घेऊन बसलेली मैत्री ही त्यांतलीच. हिंगोलीकडची. नवरा बुद्धरत्न प्रेस शॉपला, ही एका पार्टच्या कंपनीत पॅकिंगला. सुट्टीच्या वारी मात्र ती घरात बसायची नाही, कस्तुराच्या वावरात यायची. तिचा विळा असा चाले की शेजारची बाई ओळीच्या निम्म्यात असताना हिची ओळ संपलेली असे.

"काकू, सव्वीस कशावरून म्हणलात?" तिनं विचारलं.

"वाफ्यावरनं, पातीवरनं आन तुझ्या हातावरनं. बारका कांदा तू मागं ठेवत न्हाईस ना, त्याची अर्धी गोनी जास्त धरली."

मैत्री खाली बघून हसली. कस्तुरालाही बरं वाटलं. पण तिला हसताना पाहिलं की कस्तुराच्या मनात गेल्या जत्रेचा दिवस वर यायचाच, तसा तो आताही आला.

वाडीची जत्रा माघात. त्या दिवशी देवळापुढं सगळ्या वाडीचं एकच जेवण, आमटी-भाकरी. आमटी देवळामागं मोठ्या काहिलीत शिजायची, भाकरी घराघरातून यायची. चुलीमागं किती भाकरी आणायच्या आणि आमटीच्या काहिली किती चढवायच्या, हे सांगायचा मान खंडूच्या घराचा. आधी त्याची आई सांगायची, ती गेल्यावर कस्तुरा. जत्रेच्या आधी सगळे पारावर जमत, वाडीतला सगळ्यांत म्हातारा सोनबा विचारी, "वाडीच्या चुली किती?" त्यावर कस्तुरा आकडा सांगे, अंदाज सांगे आणि नारळ फुटे. सासूच्या काळात घर फुटून एखादी चूल वाढली तरच तो आकडा बदलायचा.

कस्तुराचा अंदाज कधी चुकला नव्हता. गेल्या साली चुकला. भाकरी संपली, रांग संपेना. मग रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गावच्या पोरांनी आरोळी दिली, "खोलीवाले थांबा! आधी गाववाले!" कस्तुरा तेव्हा वगराळं घेऊन आमटी वाढत होती आणि तिच्या बरोबर समोर मैत्री ताट घेऊन उभी होती. मैत्रीनं ते कोरडं ताट पदरानं पुसलं, जसं काही त्यात जेवूनच झालं होतं, आणि ती वळून गेली.

पुढच्या सुट्टीला ती नेहमीसारखी वावरात आली. "काकू, कुठल्या वाफ्यापासून धरू?" एवढंच म्हणाली. तिनं चार शब्द सुनावले असते तर कस्तुराला सोपं गेलं असतं.

संध्याकाळपर्यंत गोण्या भरून झाल्या. पंचवीस भरल्या, सव्विसावी निम्म्याच्या वर गेली. खंडूनं ती शिवली आणि बायकोकडं पाहिलं. जत्रेनंतरच्या बाजाराला चाकणला न्यायला म्हणून गोण्या घरापुढं टेम्पोत लावून ठेवल्या.

त्याच आठवड्यात पारावर बैठक बसली. जयदीप, खंडूचा पुतण्या, यंदा जत्रा कमिटीचा प्रमुख होता. कंपनीत क्वालिटीला होता, कामाला वाघ होता आणि काकीवर त्याचा जीवही होता. म्हणूनच तो आधी इकडचं तिकडचं बोलला आणि मग घसा साफ करून मुद्द्यावर आला.

"रहाटणीचा एक केटरर बघितलाय. प्लेटवर काम. रेशन कार्डावर कूपन वाटायची, कूपन दाखवायचं, जेवायचं. आकडा पक्का. एक प्लेट इकडची तिकडं होनार न्हाई."

"आन खोलीवाले?" कस्तुरानं विचारलं.

"त्यांना कूपन कसं देनार, काकी? आज हायेत, उद्या खोली बदलत्यात. त्यांना धरलं तर आकडाच लागत न्हाई."

"दाराला कडी घालून आत बसलेली मानसं मोजली तर आकडा कुनाचाबी लागंल, बाळा. त्याला अंदाज म्हनत न्हाईत."

मंडळी हसली. जयदीपचे कान लाल झाले. "मंग गेल्या साली काय झालं, काकी?" तो म्हणाला, आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

कस्तुरा उठून उभी राहिली. "गेल्या साली चुकले. समद्यांनी बघितलंय, झाकायचं कशाला? यंदा मी सांगते. एक जरी मानूस उपाशी माघारी गेला, मंग तो गावातला आसू दे न्हाईतर खोलीतला, तर नारळ तुझ्या कमिटीच्या हातात. आमच्या घरानं मान सोडला."

खंडूला ठसका लागला. पण बायको पुढं बोलत होती. "वाडीनं चुलीमागं वीस भाकरी आनायच्या. आन यंदा खोल्यांकडनंबी घ्यायच्या. खोलीमागं पाच."

आता सोनबा बोलला. पारावर टेकून बसलेला, पांढऱ्या मिशीचा, आवाज अजून खणखणीत. "खोल्यांतल्या भाकरी? कुनाकुनाच्या हातच्या आसतील, काय ठावं!"

तो काय म्हणतोय ते सगळ्यांना कळलं. बरेच जण जमिनीकडं बघू लागले.

"सोनबाबा," कस्तुरा म्हणाली, "रोज न्याहारीला कांदा कुठनं नेता?"

"तुझ्याच घरनं की."

"तो कुनी काढला, कुनी कापला, कधी इचारलंत? मैत्रीनं काढला, खोलीतल्या. लई ग्वाड लागतो म्हनता."

सोनबानं मिशीवरून हात फिरवला. खाल्लेल्या कांद्याला नावं ठेवायची सोय उरली नव्हती. मग नेहमीच्या सुरात त्यानं विचारलं, "वाडीच्या चुली किती?"

"दीडशे," कस्तुरानं सांगितलं आणि नारळ फुटला.

घरी आल्यावर खंडूनं चप्पल काढायच्या आधी तोंड उघडलं. "मान काय तुझ्या एकटीचा हाय व्हय, सोडायला? माझ्या आयचा हाय."

"तुमच्या आय आसत्या तर त्यांनीबी ह्येच केलं आसतं."

"कशावरनं?"

"अंदाजावरनं."

खंडू चुलीपुढं बसला. कस्तुरा भाकरी थापता थापता त्याला समजावून सांगू लागली. खोल्या चारशे. त्यातल्या निम्म्या सड्या पोरांच्या. त्यांच्याकडं ना तवा ना परात, डबा मेसचा. त्या सोडल्या. राहिल्या बिऱ्हाडाच्या दोनशे. गेल्या साली माघारी गेलेला माणूस यंदा सहज येत नाही, त्यामुळं त्यातलीही निम्मीच आणतील. म्हणजे शंभर खोल्या, पाचशे भाकरी. वाडीच्या तीन हजार. माणशी दोन धरल्या तर दोन काहिली आमटी बास.

"तिसरी आनून ठेवू चाकनवरनं," खंडू म्हणाला. "लागली तर लागली."

"आन मोकळी ऱ्हाईली म्हंजी? कस्तुराला आपल्याच अंदाजाचा भरवसा न्हाई, आसं म्हनायला लोक मोकळे."

खंडूनं पुढं काही म्हटलं नाही. त्याच्या गप्प बसण्याला कस्तुरा होकार समजली, आणि तिथं तिचा आणखी एक अंदाज चुकला.

दुसऱ्या दिवसापासून ती खोल्या फिरली. शिफ्ट सुटायच्या वेळेला चाळीच्या तोंडाशी जाऊन उभी राही. कुणी डोळे चोळत दार उघडे, कुणी भाडं मागायला आलेली घरमालकीण समजून आधी घाबरे. "जत्रेला या. येताना खोलीमागं पाच भाकरी आना," ती सांगे. लोक माना डोलवीत. पण गेल्या साली काय झालं ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर तिला दिसे. एका खोलीत पाच-सहा पोरं खाली सतरंजीवर बसून मेसचा डबा खात होती. "आम्ही काय आणावं, मावशी? आमच्याकडं तर चहाचं पातेलंच हाय," एक जण म्हणाला. "तुमी नुसतं या," कस्तुरा म्हणाली. तिनं त्यांना हिशोबात धरलंच नव्हतं.

मैत्रीच्या दारात ती सगळ्यांत शेवटी गेली. मैत्री ड्युटीवरून आली होती, पाय पाण्यात घालून बसली होती. उभ्यानं काम करून घोटे सुजलेले. कस्तुरा उंबऱ्यात टेकली. कसं सांगावं याची तिनं वाटभर जुळवाजुळव केली होती, पण तोंडातून भलतंच निघालं.

"गेल्या साली तू माझ्याम्होरनं माघारी गेलीस, पोरी. मला वरीसभर झोंबतंय बघ ते."

मैत्रीनं पाय पाण्यातून काढले नाहीत. "पाच भाकरीच ना, काकू?" ती म्हणाली. "आणतोत."

जत्रेच्या सकाळी धुकं पडलं होतं. हायवेच्या ट्रकांचे नुसते भोंगे ऐकू येत होते. देवळामागं दोन काहिली रटरटत होत्या, खोबऱ्या-मसाल्याचा वास बसच्या मैदानापर्यंत गेला होता. बाया डोक्यावर दुरड्या घेऊन येऊ लागल्या. मंडपात धुतलेल्या चादरी अंथरल्या होत्या, त्यांवर बाजरीच्या भाकरीच्या चवडी लागल्या. जयदीप स्वतः मोजत होता. ऊन वर आलं तेव्हा तो काकीजवळ आला.

"वाडीच्या तीन हजार, वर वीस-पंचवीस. मानलं, काकी."

"घरच्या चुलींचं मोजायचं काय आसतं त्यात," कस्तुरा म्हणाली, पण तिचं नाक वर गेलंच. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर मैत्री दिसली.

तिच्या डोक्यावर दुरडी होती. मागं बुद्धरत्न, त्याच्या हातात दुसरी. त्याच्या मागं आणखी बाया. आणि त्यांच्या मागून सडी पोरं, कंपनीच्या टी-शर्टातली, दोघा-दोघांत एकेक निळा प्लास्टिकचा क्रेट धरून. ज्या क्रेटातून पार्ट जातात त्यातलेच, पण घासून धुतलेले, आत पांढरं फडकं घातलेले. रांग वळणावरून येतच राहिली. फडकी बाजूला झाली तर आत ज्वारीच्या भाकरी. वाडीच्या बाजरीच्या भाकरीपुढं त्या ताटाएवढ्या दिसत होत्या, पातळ, पांढऱ्याशुभ्र, अजून कोमट.

"ह्या किती?" जयदीपनं विचारलं.

"चारशे खोल्या," मैत्री म्हणाली. "पाच-पाचच्या हिशोबानं. पोरायनं पीठ आणून दिलं, आम्ही बाया पहाटपासून थापायलोत. ज्याच्याकडं तवा न्हाई त्याची भाकर दुसऱ्याच्या तव्यावर."

कस्तुरानं तोंडावर पदर धरला. तिनं पाचशे धरल्या होत्या आणि समोर दोन हजार येऊन पडल्या होत्या, त्याही आकारानं दीडपटीच्या. चादरी पुरेनात. चवडी मंडपाच्या कठड्याला टेकल्या.

पंगती सुरू झाल्या. ज्यांनी भाकरी आणल्या ते सगळे जेवायलाही आले होते, आणि ते यायलाच हवे होते. सकाळची शिफ्ट सुटली तशा बसा मैदानात उभ्या राहिल्या आणि त्यांतली माणसंही खाली उतरून रांगेला लागली. कस्तुरा वगराळं घेऊन उभी होती. मनगट भरून आलं, आमटीच्या वाफेनं तोंड भाजून निघालं, पण तिचे डोळे रांगेवर होते. पहिली काहील संपली. दुसरी निम्म्यावर आली, रांग मात्र अजून गोदामाच्या फाटकापाशीच होती. आणि मग वगराळं काहिलीच्या बुडाला खरवडलं.

जयदीप धावत आला आणि काहिलीत डोकावून उभा राहिला. "काकी?" त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट तो बिचारा घाबरला होता.

पुढची बाई ताट धरून उभी होती, आणि तिच्या हाताकडं बघताना कस्तुराला गेल्या सालचं ताट आठवलं. तिनं वगराळं खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "आमटी चुकली! माझीच चुकली! भाकर हाय, कुनी हलायचं न्हाई! जयदीप, आमच्या दारातला टेम्पो घेऊन ये!"

"कांद्याचा? काकी, तो बाजारचा माल..."

"आन म्हनते ना!"

टेम्पो देवळापुढं आला. ज्या गोण्या खंडूनं मन लावून शिवल्या होत्या त्यांची सुतळी त्यानंच विळ्यानं कापली. कांदा चादरीवर ओतला. लाल, घट्ट, अजून मातीचा वास असलेला. पोरं बुक्कीनं कांदे फोडू लागली, मीठ आलं. मैत्रीनं हाळी दिली तशा खोल्यांतून तिखटाच्या बरण्या निघाल्या, शेंगदाण्याची चटणी, जवसाची, हिरव्या मिरचीचा ठेचा. ज्वारीची भाकरी, वर ठेचा, शेजारी फोडलेला कांदा. रांग पुन्हा चालू लागली. गाववाले आणि खोलीवाले एकाच ओळीत बसून नाकाडोळ्यांतून पाणी गाळत जेवत होते. आधी आमटी जेवून गेलेली माणसं ठेच्यासाठी परत येऊन बसली.

"आता तिसरी काहील चढवा," खंडू मागून म्हणाला.

"कुठाय तिसरी?"

"देवळामागं. पालथी घालून ठेवलीय, चार दिस झाले. डाळबी भिजत घातलीय मघाशीच."

कस्तुरानं नवऱ्याकडं पाहिलं. "तुमचा माझ्यावर भरवसा न्हाई!"

"हाय की. म्हनून तर पालथी ठेवली."

इतक्या गडबडीतही तिला हसू फुटलं. तिसरी काहील चढली. ती उकळेपर्यंत कांद्यानं आणि ठेच्यानं दम काढला. मग आमटी आली, शेवटच्या बसमधली माणसंही जेवली, रात्रपाळीवाल्यांनी भाकरीत कांदा गुंडाळून खिशात घातला. उन्हं कलली तेव्हा रांगेत कुणी नव्हतं. चादरीवर मात्र भाकरीच्या चार-पाच चवडी अजून उभ्या होत्या, आणि टेम्पोत सहा गोण्या.

सगळे पारावर टेकले. जयदीप घामानं भिजला होता, टी-शर्टला कांद्याची सालं चिकटली होती. "कुनी उपाशी गेलं न्हाई, काकी," तो म्हणाला. "मान तुमचाच."

"कसला मान? सरळ सरळ हरले," कस्तुरा म्हणाली. तिच्या आवाजात लाज नव्हती, ती चक्क खूश होती. "भाकर चुकली, आमटी चुकली, मानसं चुकली. आसा आडवातिडवा अंदाज आमच्या घरात कधी चुकला न्हाई. मला वाटलं, निम्म्या खोल्या आनत्याल."

मैत्री रिकामे क्रेट एकात एक घालत होती. ती थांबली. "निम्म्याच?" तिनं विचारलं. "काऊन, काकू?"

वाफा बघून कस्तुरा गोण्या सांगायची, वावर बघून बाया किती लागतील ते सांगायची. या बाईचा हात तिला पुरता ठाऊक होता, बारका कांदासुद्धा ही मागं ठेवत नाही हे तिनं आपल्याच तोंडानं सांगितलं होतं. तरी तिनं निम्म्याच धरल्या. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. यावेळी ते कांद्याचं नव्हतं.

"चुकलं माझं, पोरी," ती म्हणाली. "ये, बस हितं."

मैत्री हात पुसत आली, पण पारावर बसली नाही, कठड्याला टेकून उभी राहिली. सोनबा पलीकडं बसला होता. त्याच्या पुढ्यात ज्वारीच्या भाकरीचा उरलेला चतकोर होता. तो त्यानं ठेच्याला पुसून तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला आणि मिशी साफ केली. मग कुणाला काही कळायच्या आत त्यानं खणखणीत आवाजात विचारलं, "वाडीच्या चुली किती?"

हा प्रश्न जत्रेच्या आधी विचारायचा, जत्रा संपल्यावर तो कधी कुणी विचारला नव्हता. सगळे म्हाताऱ्याकडं बघू लागले. जयदीप हळूच म्हणाला, "सोनबाबा, जत्रा झाली की. दीडशे चुली."

"तुला इचारलं व्हय?" सोनबा म्हणाला. त्यानं काठीनं जमिनीवर टकटक केलं आणि पुन्हा विचारलं, "वाडीच्या चुली किती?"

कस्तुराच्या ओठांवर नेहमीचा आकडा आला होता, तो तिनं गिळला. ती मैत्रीकडं वळली आणि कोपरानं तिला हळूच ढोसलं. "सांग की, पोरी. तुला ठावं हाय."

मैत्रीनं एकदा कस्तुराकडं पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडं. पदर खांद्यावर नीट घेतला.

"साडेपाचशे, बाबा," ती म्हणाली. "एखादी इकडंतिकडं."

"साडेपाचशे!" सोनबानं सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा पुकारा केला आणि खंडूला म्हणाला, "नारळ आना."